चाकामागची बैठक

जुन्या मोटारबोटीचे चाक ढिले लागू लागले की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो नवा संच आणण्याचा. खोक्यात सगळे येते: चाक, चाकामागची गिअरची डबी, लांबलचक केबल, मोटारीला जोडायचा दांडा, नटबोल्ट आणि सूचनांची पुस्तिका. एक वस्तू मात्र त्या खोक्यात नसते, आणि ती कोणत्याही कारखान्याला पाठवता येत नाही. ज्या फळीवर हे सारे बसवायचे, ती फळी. ती बोटीबरोबर आलेली असते, बोटीइतकीच म्हातारी असते आणि बहुधा रंगाखाली, फायबरच्या थराआड किंवा डॅशबोर्डच्या मागे अंधारात दडलेली असते. माझे म्हणणे असे, की अनेक दशके जुन्या छोट्या बोटीत सुकाणूची ताकद या फळीवर ठरते. यंत्राची निवड, किंमत आणि बनावट हे सारे त्यानंतरचे. बैठक कच्ची असेल तर उत्तम यंत्रही कच्चेच ठरते. आणि बैठक पक्की करण्याचे काम यंत्र विकत घेण्यापेक्षा कष्टाचे, वेळखाऊ आणि बाहेरून न दिसणारे असल्यामुळे नेमके तेच टाळले जाते.

ज्या बोटींबद्दल मी बोलतो आहे त्या मुख्यतः अमेरिकेत १९५० नंतरच्या तीन दशकांत बनलेल्या, तेरा ते अठरा फुटांच्या, फायबरग्लासच्या. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये आऊटबोर्ड मोटार बाजारात आणली तेव्हा ती चालवायची रीत साधी होती: मागे बसायचे आणि मोटारीचा दांडा हातात धरायचा. चालवणारा आणि मोटार यांच्यामध्ये काहीच नव्हते, म्हणून निसटण्यासारखेही काही नव्हते. पुढे लोकांना मोटारगाडीसारखे पुढे बसून चाक फिरवावेसे वाटू लागले, आणि मागची मोटार व पुढचे चाक यांच्यात दहा-बारा फुटांचे अंतर पडले. ते आधी दोरीने भरून काढले गेले. चाकामागच्या ढोलावर प्लॅस्टिकचे वेष्टन असलेली तारेची दोरी गुंडाळायची, दोन्ही कडांनी कप्प्यांवरून ती मागे न्यायची आणि स्प्रिंगच्या ताणावर मोटारीला बांधायची. पंचवीस-तीस अश्वशक्तीच्या मोटारींना हे चालून गेले. पण प्रत्येक कप्पी दोन-चार स्क्रूंनी आतल्या लाकडाला ठोकलेली असे, आणि जिथे दोरी काटकोनात वळते तिथल्या कप्पीवर दोरीतल्या ताणाच्या जवळजवळ दीडपट जोर येतो. त्यांतली एक कप्पी उखडली की सगळी दोरी एकदम सैल पडे आणि मोटार मोकळी सुटे. तार तुटण्याची वेळ येण्याआधीच लाकडातला स्क्रू हार मानी. पुढे एकाच नळीतून ढकलणारी आणि ओढणारी केबल आली. तिने दोरी आणि कप्प्या घालवल्या खऱ्या, पण लाकूड जिथल्या तिथे राहिले.

याच काळातल्या एका बोटीचे उदाहरण मला फार बोलके वाटते. १९५८ मध्ये डिक फिशर यांनी रे हंट यांच्या आराखड्यावरून बोस्टन व्हेलर ही तेरा फुटी बोट विकायला काढली. तिचे अंग म्हणजे फायबरग्लासच्या दोन कातड्या आणि त्यांच्यामध्ये भरलेला हलका फेस. करवतीने मधोमध कापली तरी ती तरंगते, हे कंपनीने जाहिरातीसाठी करून दाखवले होते. पण फेसात स्क्रू धरत नाही. म्हणून जिथे जिथे कडी, सीट, चाक किंवा मोटार बसणार, तिथे तिथे दोन कातड्यांच्या आत प्लायवूडचे तुकडे आधीच पुरून ठेवलेले असत. ते कुठे आहेत हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक नमुन्याचे, लाकडाच्या जागा दाखवणारे नकाशे कंपनीने काढले आणि आजही जुन्या व्हेलरचे मालक भोक पाडण्याआधी ते शोधून पाहतात. पुरलेल्या तुकड्याच्या दोन इंच बाजूला पाडलेले भोक दिसायला तसेच दिसते, स्क्रूही तसाच आत जातो. पण तो कशालाच धरून नसतो. ताकद पृष्ठभागावर सगळीकडे सारखी पसरलेली नसते, ती ठरावीक जागी असते आणि ती जागा माहीत असावी लागते, हे त्या कारखान्याने कागदावर मांडून ठेवले. इतर बहुतेक जुन्या बोटींना असा नकाशा नाही. तिथे मालकाने तो स्वतः शोधायचा असतो.

आता जोर नेमका कुठे पडतो ते पाहू. लोकांची समजूत अशी असते की चाकाला फारसे काही सोसावे लागत नाही, कारण फिरवणाऱ्याचा हातच तेवढा हलका असतो. चाकाची त्रिज्या साधारण सतरा सेंटिमीटर धरा, आणि डबी डॅशबोर्डला धरून ठेवणारे बोल्ट मध्यापासून साडेचार-पाच सेंटिमीटरवर. कडेवर दहा किलोचा जोर लावला तर तो बोल्टांपाशी पोहोचेपर्यंत साडेतीन-चारपट होतो. तीन-चार बोल्टांनी मिळून पस्तीस-चाळीस किलो तोलायचे असतात, आणि तेही एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, दिवसभर. हा झाला शांत पाण्याचा हिशेब. बोट लाटेवरून उडी मारते तेव्हा चालवणारा माणूस चाकालाच लटकतो. चाक हे त्या क्षणी त्याचे धरायचे कडे होते. अर्धेअधिक शरीर त्याच्या वरच्या कडेवर कोसळते. त्या धक्क्याने वरचे बोल्ट बाहेर उपटले जाऊ पाहतात आणि खालची कड डॅशबोर्डमध्ये रुतू पाहते. सुकाणूच्या मानकांमध्ये चाकाची चाचणी नुसती फिरवून होत नाही, त्यावर आडवा आणि उभा भारही टाकून पाहतात, तो याचसाठी. पण ती चाचणी होते कारखान्यात, पोलादी मांडणीवर. तुमच्या बोटीत त्या पोलादी मांडणीची जागा कशाने घेतली आहे, हा प्रश्न मानक तुमच्यासाठी सोडवत नाही.

मागच्या टोकाचे गणित आणखी कठोर आहे. केबल आतून ढकलू शकते ती तिच्यावरची नळी कुणीतरी घट्ट धरून ठेवली आहे म्हणून. पुढे जितका धक्का, तितकाच उलटा धक्का नळीच्या टोकावर. नव्या पद्धतीत हे टोक मोटारीच्याच कबजाच्या पोकळ नळीत बसते, त्यामुळे हा उलटा धक्का मोटारीच्या धातूतच जिरतो. जुन्या कित्येक बोटींत मात्र ते ट्रान्समवर, म्हणजे मोटार टांगायच्या मागच्या आडव्या भिंतीवर, किंवा तिच्या पुढच्या पाण्याच्या खणात एका ब्रॅकेटला धरलेले असते. तिथे सगळा भार थेट लाकडावर येतो. ब्रॅकेट तीन मिलिमीटर डुलले की केबलची हालचाल तीन मिलिमीटर वाया जाते. चालवणाऱ्याला तो चाकातला ढिलेपणा वाटतो आणि तो केबल बदलायला निघतो. नवी केबल नव्या जोमाने त्याच डुलणाऱ्या ब्रॅकेटला ढकलू लागते. याच्या जोडीला आणखी एक साखळी आहे. मोटारीच्या नळीत मीठ आणि गंज साचून केबलचा दांडा अडकू लागला की चाक जड होते; चाक जड झाले की हात जास्त जोर लावतो; आणि तो सगळा जास्तीचा जोर दोन्हीकडच्या बैठकींवर पडतो. म्हणून दांडा पूर्ण आत घेऊन मगच त्याला ग्रीस भरणे, ही जी अगदी क्षुल्लक वाटणारी शिस्त आहे, तिचा फायदा केबलइतकाच फळीलाही होतो.

वेगाचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण तिथेच खरी गफलत होते. मोटारीच्या पाण्यातल्या भागावर येणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, तर जोर चौपट. जुन्या बोटीचे अंग धड असते, पण मोटार एव्हाना दोनदा बदललेली असते आणि प्रत्येक वेळी ती थोडी मोठी झालेली असते. अमेरिकेत वीस फुटांखालच्या आऊटबोर्ड बोटींना किती अश्वशक्तीची मोटार लावता येईल याचे सरकारी सूत्र आहे. बोटीची लांबी आणि ट्रान्समची रुंदी फुटांत मोजून गुणायची. बोटीला चाकाचे सुकाणू असेल आणि ट्रान्सम किमान वीस इंच उंच असेल, तर त्या गुणाकाराच्या दुपटीतून नव्वद वजा करायचे. नसेल तर बऱ्याच बोटींसाठी त्याच गुणाकाराच्या आठ-दशांशातून पंचवीस. सोळा फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद बोटीसाठी गुणाकार येतो ८८. पुढच्या पाचाच्या पटीत नेल्यावर पहिल्या सूत्राने ९० अश्वशक्ती, दुसऱ्याने ५०. म्हणजे उंच ट्रान्सम आणि चाक या दोन गोष्टींच्या भरवशावर कायदा चाळीस अश्वशक्ती जास्त देऊ करतो. मला हे सूत्र चुकीचे वाटत नाही. पुढे बसून, समोर पाहत, चाकाने चालवलेली बोट जास्त ताब्यात राहते. पण हा भरवसा ज्या चाकावर टाकला आहे ते चाक कशाला बसवले आहे, याबद्दल तीच नियमावली गप्प आहे. इंधन, वीज, वायुवीजन, तरंगण्याची क्षमता यांवर तिच्यात प्रकरणे आहेत. सुकाणूच्या बैठकीवर नाही. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचे पी-१७ हे मानक आहे, ते चांगलेही आहे, पण ते ऐच्छिक आहे आणि नवी बोट बनवणाऱ्यासाठी आहे. चाळीस वर्षांनंतर त्या फळीकडे पाहायला कायद्याने कुणीच येत नाही.

आणि चाळीस वर्षांत फळीचे काय होते? डॅशबोर्ड आणि ट्रान्सम या दोन्ही ठिकाणी बहुधा प्लायवूड असते, त्यावर पॉलिएस्टर रेझिन आणि काच-तंतूंचा थर. हे रेझिन लाकडाला फार जिवाभावाने चिकटत नाही. प्रत्येक स्क्रूचे भोक हे त्या कवचातले दार असते. त्यातून पाणी आत जाते आणि दोन थरांमध्ये अडकते. आश्चर्य असे, की लाकडाचा जास्त घात समुद्राचे पाणी करत नाही, पावसाचे करते. मीठ बुरशीला रोखते. गोडे पाणी तिला पोसते. लाकडातली ओल साधारण वीस टक्क्यांखाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, त्यावर गेली आणि हवा मिळाली की ती आपले काम सुरू करते. म्हणून वर्षभर पाण्यात वापरलेल्या बोटीपेक्षा अंगणात फाटक्या ताडपत्रीखाली पडून राहिलेली बोट आतून अधिक कुजलेली निघू शकते. स्क्रूचीही तीच कथा. स्टेनलेस स्टील गंजत नाही असे आपण म्हणतो, पण त्याला वाचवणारा क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ पापुद्रा टिकायला प्राणवायू लागतो. ओल्या लाकडात, हवा न पोहोचणाऱ्या फटीत तो पापुद्रा तुटतो आणि दांडा आतल्या आत पोखरला जातो. वरचे डोके आरशासारखे चकचकीत असते, आणि पाना लावताच ते हातात येते. बाहेरून जे दिसते त्यावरून आत काय धरून आहे हे सांगता येत नाही, ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत धोक्याची गोष्ट.

नट सैल होतो तेव्हा दोष नटाला दिला जातो. इथे १९६९ मध्ये गेऱ्हार्ड युंकर यांनी मांडलेले संशोधन फार उपयोगी पडते. कंपनांमुळे नट का सुटतो याचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला. बोल्टच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडव्या हालचालीने तो कितीतरी लवकर सुटतो, असे त्यांना आढळले. जोडलेल्या दोन वस्तू एकमेकींवर आडव्या घसरू लागल्या की आट्यांमधले घर्षण निकामी होते आणि नट आपला आपण उलटा फिरू लागतो. हे घसरणे कशाने थांबते? बोल्टमध्ये आवळून भरलेल्या ताणाने. आणि लाकडावर आवळलेल्या बोल्टमधला ताण टिकत नाही, कारण लाकूड सतत दाबाखाली हळूहळू चेपत जाते. कुजके किंवा ओले असेल तर भराभर चेपते. मग ताण जातो, मग डबी किंचित घसरू लागते, मग नट सुटतो. त्याखाली स्प्रिंग वॉशर घातल्याने फारसे काही साधत नाही. नायलॉनची कडी असलेला नट आवर्जून वापरावा, कारण तो निदान पूर्ण निघून पडत नाही. पण गेलेला ताण तोही परत आणू शकत नाही. दर मोसमात तोच नट पुन्हा पुन्हा आवळावा लागत असेल तर रोग नटात नाही, त्याच्या खाली आहे.

तेव्हा काम कुठून सुरू करायचे तर जुने यंत्र उतरवण्याच्याही आधी. एकाने मोटार घट्ट धरावी, दुसऱ्याने चाक दोन्हीकडे हलवावे आणि तिसऱ्याने डॅशबोर्डच्या मागे हात घालून बोटे डबीच्या कडेवर ठेवावीत. मोटार हलत नसताना डबी हलत असेल तर केबल विकत घेण्यात अर्थ नाही. नंतर पान्याच्या मुठीने फळी ठोकत जावे. नारळ घेताना जसा कानाने पारखतात, तशी. टणक आवाज येतो तिथे लाकूड जिवंत आहे, बद्द आवाज येतो तिथे नाही. जुना स्क्रू काढल्यावर भोकात ड्रिल फिरवून भुसा पाहावा. कोरडा, फिकट भुसा आला तर ठीक; काळपट, ओला, बोटांत मळला जाणारा आला तर ती जागा संपली आहे. जुन्या डॅशबोर्डवर आणखी एक दुर्दैव असते. दर वेळी नव्या बनावटीची डबी आली की तिची भोके जुन्या भोकांशी जुळत नाहीत, मग शेजारी नवी पाडली जातात, आणि तीन मालकांनंतर त्या फळीची चाळण होते. मधले मोठे गोल भोक तर आधीच फळीचा सर्वांत कामाचा भाग खाऊन बसलेले असते. अशा फळीत चौथ्यांदा भोके पाडू नयेत. ती बदलावी. आपल्याकडे आयएस ७१० या मानकाचे सागरी प्लायवूड मिळते. त्याच्या सर्व कडा आणि भोकांच्या आतल्या बाजू इपॉक्सीने मुरवून मगच ते बसवावे.

फळी मूळची चांगली असेल तर भोकांची पद्धत ठरलेली आहे आणि ती टाळू नये. बोल्टला लागते त्यापेक्षा मोठे भोक पाडायचे, आतले हलके-कुजके लाकूड खरवडून काढायचे, ती पोकळी पावडर घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरायची आणि ती पूर्ण कडक झाल्यावर तिच्या मधोमध बोल्टच्या मापाचे भोक पाडायचे. आता बोल्टभोवती इपॉक्सीची भिंत उभी राहते. पाणी आले तरी लाकडाला शिवत नाही, आणि आवळताना दाब लाकडाऐवजी त्या भिंतीवर जातो, म्हणजे युंकर यांनी सांगितलेला ताण टिकतो. भोकाची बाहेरची कड किंचित खोलगट करावी, म्हणजे सीलंटला बसायला जागा राहते आणि वरचा थर तडकत नाही. स्क्रू नकोत, आरपार बोल्ट हवेत, आणि मागून नुसते वॉशर नकोत, पूर्ण आधारपट्टी हवी. ती अॅल्युमिनियमची असेल तर स्टेनलेसच्या बोल्टांशी तिचे खाऱ्या पाण्यात जमत नाही. अॅल्युमिनियम झिजत जाते. म्हणून दोहोंमध्ये क्षरणरोधक लेप भरावा किंवा काच-तंतूंची कडक इपॉक्सी पट्टी वापरावी, जिला गंजायला काहीच नाही. केबल डबीपासून मागे नेताना तिला आठ इंचांहून कमी त्रिज्येचे वळण देऊ नये, आणि मोटारीच्या जोडदांड्यावर मानकानुसार स्वतः अडकणारे नटच लावावेत. या शेवटच्या दोन गोष्टी सूचनापुस्तिकेतही असतात, म्हणून त्यांवर अधिक बोलत नाही.

यावर पहिला आक्षेप अनुभवी लोकांचाच येतो. दोन स्क्रूंवर ही बोट चाळीस वर्षे चालली, आत्ताच काय होणार आहे? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण त्यामागे खरा अनुभव आहे. पण तो अनुभव ज्या फळीचा आहे ती आज तिथे नाही. चाळीस वर्षांपूर्वीचे लाकूड कोरडे होते, स्क्रूचा दांडा पूर्ण जाडीचा होता, मोटार छोटी होती. तिन्ही बदलले, आणि बदलले ते हळूहळू, कुणाच्याही नजरेत न भरता. शिवाय ज्यांच्या बोटींचे स्क्रू सुटले त्यांचे अनुभव आपल्या कानावर येत नाहीत, टिकलेल्यांचेच येतात. दुसरा आक्षेप आजच्या चिकटद्रव्यांच्या जोरावर केला जातो. पॉलियुरेथेनचा सीलंट इतका जबरदस्त असतो की बोल्टची गरज काय? त्याची पकड आहे हे खरे. पण ती वरच्या रंगीत थराला असते, आणि तो थर खालच्या कुजक्या लाकडाला किती धरून आहे हा प्रश्न तसाच राहतो. त्यात असा पक्का चिकटवलेला भाग पुन्हा उघडून पाहता येत नाही. जे उघडून पाहता येत नाही ते कुणी पाहतही नाही. सुकाणूसारख्या जागी, सहज सुटणारे पण आपोआप न सुटणारे जोडकाम मला कायमच्या चिकटवण्यापेक्षा सुरक्षित वाटते. पाणी रोखायला सीलंट जरूर लावावा, भार पेलण्याचे काम त्याला देऊ नये.

तिसरा आक्षेप कारागिरांचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. ते म्हणतात, पातळ फायबरच्या मागे जाड धातूची पट्टी लावली तर पट्टी हलत नाही, पण तिच्या कडेला फायबर वाकत राहते आणि नेमक्या त्या रेषेवर तडकते. म्हणजे कमकुवत जागा आपण नाहीशी केली नाही, फक्त दोन इंच सरकवली. हे अगदी बरोबर आहे. त्याचे उत्तर पट्टी न लावणे हे नव्हे. उत्तर हे की पट्टी गरजेपेक्षा मोठी घ्यावी, तिचे कोपरे गोल करावेत, कडा उतरत्या घासाव्यात आणि शक्य असेल तिथे ती डॅशबोर्डच्या कडेच्या चौकटीपर्यंत किंवा आतल्या आडव्या तुळईपर्यंत नेऊन टेकवावी. भार अंगात पसरत जावा, एका रेषेवर अडून राहू नये. या आक्षेपाने माझ्या म्हणण्याला धार येते: बैठक म्हणजे बोल्टाखालचा चौरस एवढाच अर्थ नाही. तो भार बोटीच्या अंगापर्यंत ज्या वाटेने जातो ती सगळी वाट म्हणजे बैठक. उरला हायड्रॉलिक सुकाणूचा पर्याय. तो मोठ्या मोटारींसाठी उत्तम आहे, चाक हलके करतो. पण चाकावर लटकणारा माणूस तोच आहे आणि डॅशबोर्डही तोच. उलट हायड्रॉलिकमध्ये मोटारीकडचा धक्का हातापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे काहीतरी सैल होत असल्याची जी पूर्वसूचना केबलच्या चाकातून मिळायची, तीही बंद होते.

आणखी एक समजूत आहे, ती मला विशेष खटकते: सुकाणू सुटले तर फार तर बोट भरकटेल, मोटार बंद करू आणि वल्ही मारत परत येऊ. मंद वेगात हे खरेही असेल. वेगात मात्र मोटार मोकळी सुटली की पंख्याच्या फिरण्याचा जोरच तिला एका बाजूला ओढून नेतो, बोट जागच्या जागी झपकन वळते आणि माणसे बाहेर फेकली जातात. मग चालकाविना बोट गोल गोल फिरत त्यांच्याच अंगावर येते. मे २०१३ मध्ये इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला पॅडस्टोजवळ 'मिली' नावाच्या वेगवान बोटीतून एका कुटुंबातले सहाही जण असेच एका तीव्र वळणात बाहेर फेकले गेले. मोटार बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला अडकवलेली नव्हती. बोट फिरत राहिली. दोघांचा जीव गेला. तिथे दोष सुकाणूच्या बैठकीचा नव्हता, आणि तसे मी सुचवतही नाही. पण वेगातले एक अनपेक्षित वळण काय करू शकते, याचा तो अधिकृत चौकशीतून नोंदला गेलेला पुरावा आहे. अमेरिकेने १ एप्रिल २०२१ पासून सव्वीस फुटांखालच्या मोटारबोटींवर ही दोरी किंवा तिचा बिनतारी पर्याय चालकाने लावणे सक्तीचे केले आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र ती दोरी काम करते चालक फेकला गेल्यावर. फेकलाच जाऊ नये यासाठी काम करते ती चाकामागची फळी.

आपल्या किनाऱ्यावर, मालवण-तारकर्लीपासून गोव्यातल्या कळंगुट-बागापर्यंत, पर्यटकांना फिरवणाऱ्या फायबरच्या छोट्या बोटी आता पुष्कळ आहेत. ज्यांची मोटार हाताच्या दांड्याने चालते त्यांना हे सगळे लागू नाही. ज्यांना चाक आहे त्यांना मात्र अमेरिकेपेक्षा अधिक लागू आहे, कारण इथे चार महिने तुफान गोडे पाणी पडते आणि त्या काळात बोट वर ओढून ठेवलेली असते. लाकूड कुजायला याहून अनुकूल काळ नाही, आणि त्याच महिन्यांत मालकाच्या हाताला उसंतही असते. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईच्या बंदरात, इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि त्यात अनेकांचे प्राण गेले. नौदलाने कारण इंजिनातल्या बिघाडाचे सांगितले, सुकाणूच्या बैठकीशी त्याचा संबंध नाही. पण त्यानंतर आपल्याकडे जी चर्चा झाली तिच्यात लाइफ जॅकेटांवर बराच भर होता. जॅकेटे हवीतच. ती अपघात झाल्यानंतरची सोय आहे. ताबा सुटू नये म्हणून लागणाऱ्या गोष्टी बोटीच्या आत असतात आणि त्यांकडे पाहायला बोट थोडी उघडावी लागते.

म्हणून ज्यांच्या बोटीत परकी माणसे विश्वासाने बसतात त्यांना माझी विनंती आहे. येत्या पावसाळ्यात बोट वर घ्याल तेव्हा डॅशबोर्डची मागची बाजू आणि ट्रान्समची आतली बाजू एकदा उघडा. एक स्क्रू पूर्ण बाहेर काढून त्याचा दांडा पाहा, भोकातला भुसा पाहा. फळी कोरडी आणि टणक निघाली तर फक्त एक दुपार खर्च होईल. ओली निघाली तर नव्या संचाचे पैसे आधी फळीवर घाला आणि तोवर ती बोट पाण्यात नेऊ नका.